नेटवर्क कार्डाची झोप वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी

रात्री मोठं डाउनलोड लावलं, मॉनिटर बंद केला आणि झोपलो. सकाळी बघतो तर कॉम्प्युटर स्लीपमध्ये आणि डाउनलोड ३८ टक्क्यांवर अडकलेलं. शोधाशोध केली तर जिकडेतिकडे एकच सल्ला: विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या, प्रॉपर्टीज उघडा, पॉवर मॅनेजमेंट टॅबवर जा आणि पहिली टिक काढा. वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची मुभा कॉम्प्युटरला देणारी, ती टिक. काढली. दुसऱ्या रात्रीही तेच.

सल्ला खोटा नव्हता, पण औषध दुसऱ्याच दुखण्याचं होतं.

एसीपीआय या कॉम्प्युटरची वीज सांभाळण्याच्या मानकात विजेच्या अवस्था दोन वेगळ्या शिड्यांवर मांडल्या आहेत. ‘एस’ची शिडी अख्ख्या सिस्टिमची: एस० म्हणजे जागी, एस३ म्हणजे रॅमपुरती वीज ठेवून झोपलेली, एस४ म्हणजे हायबरनेट, सगळं डिस्कवर उतरवून बंद झालेली. ‘डी’ची शिडी एकेका डिव्हाइसची: डी० म्हणजे पूर्ण चालू, डी३ म्हणजे बंद. सिस्टिम एस० मध्ये टक्क जागी असतानाही एखादं डिव्हाइस डी३ मध्ये जाऊ शकतं. ती टिक याच डी३ ची परवानगी आहे. काढलीत तर कार्ड मधेच डुलकी घेणार नाही. पण अख्खी सिस्टिम झोपायला निघाली की तिला अडवणं त्या टिकच्या हातात नाही.

आपलं दुखणं कुठलं ते लक्षणांवरून कळतं. कॉम्प्युटर चालू, स्क्रीनवर सगळं दिसतंय, पण काही वेळ हात न लावल्यावर नेटवर्क तुटतं, तर संशय कार्डावर घ्या आणि टिक काढून बघा. पंखा बंद आणि की दाबल्याशिवाय काही हलत नसेल, तर झोपली ती सिस्टिम. खात्री करायला इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टिम लॉग उघडा. तिथे कर्नेल-पॉवरची ४२ क्रमांकाची नोंद सापडली आणि कारण ‘सिस्टिम आयडल’ असलं, तर विंडोजने तुम्हाला रिकामं बसलेलं समजून झोप घेतली.

डाउनलोड चालू असताना रिकामं कसं? कीबोर्ड, माउस यांची हालचाल विंडोज आपोआप मोजतं. डिस्क किंवा प्रोसेसर राबतोय, हे त्या हिशेबात येत नाही. म्हणून ज्या प्रोग्रॅमला काम पुरं करायचंय त्याने ‘जागं राहा’ असं स्वतः सांगावं लागतं. याला पॉवर रिक्वेस्ट म्हणतात, आणि ती ड्रायव्हरही, म्हणजे विंडोजच्या पोटात चालणारा प्रोग्रॅमही, करू शकतो. शेअर केलेल्या फोल्डरमधून दुसरं कोणी फाइल ओढत असेल तर ‘एसआरव्हीनेट’ हा ड्रायव्हर हेच करतो. नेटवर्कच्या कामासाठी कॉम्प्युटर जागा ठेवणारा ड्रायव्हर असतो तो असा. टिकचा इथे काही संबंध नाही.

रिक्वेस्टलाही मर्यादा आहेत. लॅपटॉपचं झाकण मिटलं किंवा स्लीप स्वतः निवडलं, तर ती आड येत नाही. मॉडर्न स्टँडबायच्या, म्हणजे फोनसारखी हलकी झोप घेणाऱ्या, लॅपटॉपवर, बॅटरीवर असताना, स्लीपची वेळ उलटून ५ मिनिटं झाली की विंडोज तिला जुमानत नाही. रात्रभराचं काम असेल तर चार्जर लावलेलाच बरा.

आणखी एक, कारण यात बरेच जण फसतात. पहिली टिक काढली की तिच्या खालची, या डिव्हाइसला कॉम्प्युटर जागा करू देणारी टिकही फिकी पडते. म्हणजे वेक ऑन लॅन, नेटवर्कवरून कॉम्प्युटर उठवायची सोय, गेली. झोपलेल्या कॉम्प्युटरला लांबून उठवायचं तर कार्डाला मॅजिक पॅकेट, म्हणजे उठवण्याचा ठरावीक संदेश, ओळखता यावं लागतं. ज्यांना ही सोय हवी आहे त्यांनी टिक ठेवावी.

लिनक्सवर ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ आणि मॅकवर ‘कॅफिनेट’ला कमांड जोडून दिली की ती संपेपर्यंत मशीन आपसूक झोपत नाही. विंडोजवर मी आता कॉम्प्युटरपुढून उठण्याआधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडतो आणि ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ चालवतो. ‘सिस्टिम’च्या खाली डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव दिसलं तर निघतो. ‘नन’ दिसलं तर त्या रात्रीपुरती स्लीपची वेळ ‘नेव्हर’ करतो.