इंडी रॉक : सद्यस्थिती आणि मुळांचा वाद (नाशिकच्या संदर्भासह)

इंडी (इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र) रॉक : मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आधाराशिवाय, कलावंतांनी स्वतः किंवा छोट्या कंपन्यांनी काढलेले गिटारप्रधान रॉक संगीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पंक रॉकच्या लाटेतून ते ब्रिटन आणि अमेरिकेत उभे राहिले. भारतात ते इंग्रजी गाणाऱ्या शहरी बँडांमार्फत रुजले आणि आता हिंदी, मराठी, मल्याळम अशा भाषांतही गायले जाते. या संगीताबद्दल दोन वाद सतत चालू असतात. ते आता खरोखर स्वतंत्र उरले आहे काय, हा पहिला. ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतातून ते जन्मले त्याच्याशी त्याने नाते तोडले काय, हा दुसरा. नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर गिटार वाजवणारी मुले भेटली की बोलण्यात पहिलाच वाद येतो : स्टुडिओचे भाडे, कॅफेतल्या कार्यक्रमाचे मानधन, गाणे किती जणांनी ऐकले. दुसऱ्या वादात मात्र नाशिक जिल्ह्याला स्वतःचे सांगण्यासारखे खूप आहे, म्हणून या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

स्वातंत्र्याचा हिशेब

मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने डिसेंबर १९७६ मध्ये चार गाणी मुद्रित केली आणि मित्र व घरच्यांकडून उसने घेतलेल्या सुमारे ५०० पौंडांत जानेवारी १९७७ मध्ये त्यांची तबकडी स्वतःच काढली. कंपनीच्या दारात ताटकळण्याची गरज नाही, हे त्या तबकडीने तरुण वादकांना दाखवून दिले. त्यापाठोपाठ लंडनमध्ये रफ ट्रेड आणि मँचेस्टरमध्ये फॅक्टरी या कंपन्या १९७८ मध्ये सुरू झाल्या. अमेरिकेत एसएसटी, डिस्कॉर्ड, टच अँड गो, सब पॉप अशी नावे पुढे आली. या मंडळींनी गाण्यांइतकीच महत्त्वाची उभी केलेली गोष्ट म्हणजे वितरणाची व्यवस्था : कोणत्या गावातले कोणते दुकान माल घेते, कोणते कॉलेज रेडिओ केंद्र गाणे वाजवते, कोणाच्या घरी रात्री बँडला झोपायला जागा मिळते.

ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून स्वतंत्र तबकड्यांची वेगळी क्रमवारी छापली जाऊ लागली. तीत शिरण्याची अट संगीताची नव्हती, वितरण मोठ्या कंपन्यांच्या बाहेरून व्हावे एवढीच होती. त्यामुळे १९८० च्या दशकाच्या अखेरीस गायिका कायली मिनोगची नाचाची पॉप गाणी त्या क्रमवारीत वरच्या जागांवर दिसत, कारण तिची कंपनी स्वतंत्र वितरकामार्फत माल पाठवत असे. उलट बाजूने, सॉनिक यूथसारखा बँड १९९० मध्ये गेफन या मोठ्या कंपनीच्या छत्राखाली गेला आणि त्याच कंपनीने सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम काढला, तरी लोक त्यांच्या आवाजाला इंडीशीच जोडत राहिले. तेव्हापासून ही संज्ञा व्यवहारापासून सुटली आणि एका आवाजाचे, पेहरावाचे, स्वभावाचे नाव झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये मर्ज या छोट्या अमेरिकी कंपनीने काढलेल्या आर्केड फायरच्या अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. व्यवहाराने स्वतंत्र असूनही सर्वांत मोठ्या मंचावर पोचता येते, याचा तो भक्कम पुरावा होता.

त्यानंतरची स्थिती उतरणीची आहे, असे म्हणावे लागते. तबकडी विकून मिळणारा पैसा आटला आणि स्ट्रीमिंगचा पैसा तिची जागा भरू शकला नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही. नवख्या बँडची बहुतेक गाणी याच रेषेखाली राहतात. बँडकॅम्प ही कलावंतांना थेट विक्री करू देणारी २००८ सालची सेवा २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतली, पुढच्याच वर्षी ती साँगट्रेडरकडे गेली आणि निम्म्याच्या आसपास कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. १९९० च्या दशकापासून इंडीची चव ठरवणारे पिचफोर्क हे समीक्षेचे नियतकालिक जानेवारी २०२४ मध्ये जीक्यू या मासिकात विलीन करण्यात आले. गाणे करणे पूर्वी कधी नव्हते इतके स्वस्त झाले आहे, आणि गाणे करून पोट भरणे तितकेच महाग.

गाण्याला पोसायचे कोणी, हा प्रश्न नाशिकला जुना आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी संस्थानिकांचा आश्रय सोडून तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, १९०१ मध्ये लाहोरला लोकांच्या पैशावर गांधर्व महाविद्यालय काढले आणि शिकवण्याची पुस्तके स्वतः छापून घेतली. मुंबईतल्या इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटले नाही, वास्तू लिलावात गेली, आणि पुढे ते नाशिकला रामनाम आधार आश्रमात येऊन राहिले. दरबार नाकारणाऱ्या कलावंताला सावकार गाठतो, हा व्यवहार रॉकच्या फार आधी आपल्याकडे घडून गेलेला आहे.

मुळांचा वाद

ऑक्टोबर २००७ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकात समीक्षक साशा फ्रेअर-जोन्स यांनी एक लेख लिहिला आणि हा वाद पेटला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : रॉक संगीत घडले ते ब्लूज, गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतप्रकारांपासून. त्यातला झोका, तालाला मागे-पुढे खेचणारी सूट, पोटात जाणवणारा खर्ज आणि मोकळा कंठ ही त्याची शक्ती होती. १९९० च्या दशकापासून इंडी बँडांनी ही शक्तीच टाकून दिली. हिप-हॉप मोठे झाले, तेव्हा गोऱ्या वादकांना कृष्णवर्णीयांची नक्कल करणे अवघड आणि लाजिरवाणे वाटू लागले. त्यांनी ती जागा मोकळी सोडली आणि उरले ते सपाट तालाचे, पुटपुटणारे संगीत. फ्रेअर-जोन्स यांनी यासाठी आर्केड फायरचे उदाहरण घेतले होते.

उत्तरे लगेच आली. त्यांपैकी कार्ल विल्सन या कॅनडाच्या समीक्षकाचे उत्तर सर्वांत टिकाऊ ठरले. इंडीची अडचण वंशाइतकीच वर्गाची आहे, असे त्याने मांडले. हे संगीत करणारे आणि ऐकणारे बहुतांशी विद्यापीठात शिकलेले मध्यमवर्गीय आहेत. त्यांच्या गाण्यातला संकोच आणि अंग चोरून राहणे त्या वर्गाचे आहे. दुसऱ्या टीकाकारांनी इतिहासाकडे बोट दाखवले. स्लिट्स या ब्रिटिश बँडचा १९७९ चा अल्बम रेगेचा निर्माता डेनिस बोव्हेल याने घडवला होता. त्याच वर्षी पब्लिक इमेज लिमिटेडने जमैकाच्या डब संगीतातला खर्ज उचलला होता. १९८० मध्ये टॉकिंग हेड्सने पश्चिम आफ्रिकेच्या अ‍ॅफ्रोबीटवर आख्खा अल्बम उभा केला होता. वॉशिंग्टनच्या पंक वर्तुळाला वेग शिकवणारा बॅड ब्रेन्स हा बँड कृष्णवर्णीय वादकांचाच होता. आणि फ्रेअर-जोन्स यांच्या लेखानंतर काही महिन्यांतच, २००८ मध्ये, व्हॅम्पायर वीकेंडने आफ्रिकी वळणाची गिटार वाजवली, तेव्हा आरोप बरोबर उलटा झाला : हे दुसऱ्यांचे उचलतात.

या वादात व्हेल्वेट अंडरग्राउंडकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. मार्च १९६७ मध्ये पहिला अल्बम काढणारा न्यू यॉर्कचा हा बँड जवळजवळ सगळ्या इंडीचा पूर्वज मानला जातो, आणि ‘गोऱ्या’ कोरड्या तालाचे खापर पुष्कळदा त्याच्यावर फुटते. त्याची ड्रमर मॉरीन टकर उभी राहून वाजवत असे, बास ड्रम आडवा ठेवून, झांजा जवळजवळ टाळून. तिचे आदर्श होते कृष्णवर्णीय अमेरिकी गिटारवादक बो डिडली आणि नायजेरियाचे ढोलवादक बाबातुंडे ओलातुंजी. म्हणजे ज्या तालाला कोरडा म्हटले जाते, त्याच्या तळाशी पश्चिम आफ्रिकेचा ढोल आहे. त्याच बँडमधील जॉन केलचा व्हायोलावरचा अखंड लांबवलेला स्वर अमेरिकी संगीतकार ला माँट यंग यांच्या संगतीतून आला. यंग यांच्यावर अली अकबर खाँ यांच्या १९५५ सालच्या अमेरिकी तबकडीचा, विशेषतः तीतल्या तंबोऱ्याचा, खोल परिणाम झाला होता. पुढे १९७० मध्ये ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. सॉनिक यूथपासून पुढच्या कित्येक बँडांमध्ये गिटार ज्या घुमणाऱ्या एकसुरी थरावर उभी असते, त्याला तंबोऱ्याचीही एक मुळी पोचते.

नाशिकची बाजू

भारतात हा वाद फारसा झाला नाही, आणि तो व्हायला हवा. १९८६ मध्ये मुंबईच्या रंगभवनात सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव, १९९३ मध्ये अलाहाबादहून निघालेले ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक, २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेला एनएच७ वीकेंडर हा महोत्सव यांनी स्वतःची गाणी करणाऱ्या बँडांची पिढी घडवली. नाशिकला या वर्तुळात आणले ते २००८ पासून गंगापूरच्या द्राक्षबागांत भरणाऱ्या सुलाफेस्ट या संगीत महोत्सवाने. स्थानिक मुलांना एरवी मंच मिळतो तो कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आणि कॅफेच्या कोपऱ्यात. विल्सनने सांगितलेली गोष्ट इथे आणखी ठळक दिसते : गिटार, अ‍ॅम्प्लिफायर, सरावाची खोली आणि इंग्रजी शाळा या चारही गोष्टी ज्या घरांना परवडतात, तिथूनच हे संगीत येते. म्हणून नाशिकमधल्या वादाचे खरे नाव जात आणि वर्ग असे आहे.

बेंजोचे उदाहरण पाहावे. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून ताइशोगोतो हे वाद्य बनवले. ते भारतात आले, बुलबुलतरंग झाले, आणि महाराष्ट्रात त्याला पिकअप बसवून, कर्ण्यातून फाटेपर्यंत आवाज चढवून ते वरातीच्या बेंजो पार्टीचे मुख्य वाद्य बनले. नाशिकच्या कोणत्याही पेठेत लग्नसराईत ते ऐकू येते. हेच वाद्य ‘जपानी बेंजो’ या नावाने जर्मनीच्या नॉय! या बँडच्या १९७२ च्या पहिल्या अल्बमवर आहे. ते क्लाउस डिंगर यांनी वाजवले आणि त्या अल्बमवरचा सरळ धावणारा ड्रमही त्यांचाच. तो ताल पुढे अनेक इंडी बँडांनी उचलला. एकच वाद्य, फाटलेला विजेचा आवाज तोच. एकाला प्रयोगशील म्हणून संग्रहात ठेवले जाते आणि दुसऱ्याला रस्त्यावरचा गोंगाट म्हणून खिडकी लावून घेतली जाते. हा फरक ऐकण्यातला नाही, वाजवणारा कोण आहे यातला आहे.

ढोलाचे तसेच. नाशिक ढोल हे नाव मुंबईपासून विदर्भापर्यंत मिरवणुकांत घेतले जाते. ढोलाच्या एका तोंडावर टिपरू, दुसऱ्यावर हात. ताशा वळणे देतो, इशारे देतो, आणि संपूर्ण पथक त्या इशाऱ्यावर ताल बदलते. खर्ज पोटात जाणवतो, बोलांत ओढ आहे, अंग हलल्याशिवाय राहत नाही. फ्रेअर-जोन्स यांना इंडीत जे सापडत नव्हते ते सगळे या वाजवण्यात आहे. कित्येक मुले गणपतीत पथकात ढोल वाजवतात आणि एरवी बँडमध्ये ड्रम, पण एका ठिकाणचा हात दुसऱ्या ठिकाणी क्वचितच नेतात. हलगी, संबळ, डोंगरपट्ट्यातील तारपा आणि पावरी यांची गोष्ट आणखी लांबची, कारण ही वाद्ये ज्या जातीजमातींनी सांभाळली त्यांच्या वस्त्यांशी गिटारवाल्या घरांचे येणेजाणे कमी.

सर्वांत मोठी उपेक्षा वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे हे लोकशाहीर. लहानपणी शाळा मिळाली नाही, अक्षरओळख मोठेपणी मुंबईत झाली, आणि त्यानंतर त्यांनी हजारो गीते रचली. ज्या जिल्ह्यात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याच जिल्ह्यात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे (गाण्यांतून प्रबोधन करणारे कार्यक्रम) उभे राहिले आणि वामनदादा त्या परंपरेचे सर्वांत मोठे कवी झाले. ही गीते मोठ्या कंपनीच्या किंवा आकाशवाणीच्या कृपेची वाट पाहत बसली नाहीत. ती जयंतीच्या मंचावरून, रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमांतून, स्वस्त पुस्तिकांतून आणि पुढे कॅसेटींतून गावोगाव गेली. गायक पार्टीला जेवण आणि मुक्काम वस्तीत मिळे. अमेरिकेतल्या पंक बँडांनी १९८० च्या दशकात जे जाळे विणले आणि ज्याचे कौतुक पुस्तकांतून होते, तसे जाळे इथे त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते. स्वतंत्र संगीताचा भारतीय इतिहास लिहायचा तर तो रंगभवनापासून सुरू करणे चूक आहे. त्याचे पहिले प्रकरण जलशांचे असले पाहिजे.

असा धागा जोडणारे प्रयत्न झाले आहेत. मुंबईच्या धम्म विंग्ज या बँडने बुद्ध-आंबेडकरी आशय रॉकच्या साजात आणला. चेन्नईत चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या द कास्टलेस कलेक्टिव्हने जानेवारी २०१८ मध्ये पहिला कार्यक्रम केला. त्यात उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले ‘गाना’ हा लोकगीतप्रकार गाणारे गायक, रॅप आणि विजेची गिटार एकाच मंचावर आली. तिथे गाना गायक पाहुणा नव्हता, बँडचा सभासद होता, त्याच्या बोलांवर गिटारने चालायचे होते. नाशिकच्या बँडांना हाच क्रम उपयोगी पडेल : आधी ढोलकीचा ठेका आणि गायकाची ओढ ठरवायची, ड्रमचा बास त्या ठेक्याच्या घुमाऱ्यावर ठेवायचा, आणि गिटारने उरलेल्या जागेत बसायचे. आजवर बहुधा उलटे होत आले आहे. चार मात्रांचा सरळ ताल आधी ठरतो आणि ढोलकीला मधल्या बारा-सोळा आवर्तनांपुरते बोलावले जाते.