हंटिंग्टनवरचं संशोधन आणि तरुण संशोधक: पार्श्वभूमी

1872 मध्ये हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं नेमकं वर्णन छापणारा डॉक्टर अवघा 22 वर्षांचा होता. हाताशी होता तो वडिलांचा आणि आजोबांचा लाँग आयलंडवरच्या रुग्णांचा अनुभव. पुढे तो संशोधनात रमला नाही, साधी प्रॅक्टिस करत राहिला.

त्यानंतर जवळपास शतकभर तरुणांनी या विषयाकडे वळावं असं काही नव्हतं. रुग्ण थोडे, पैसा त्याहून थोडा. चित्र पालटलं ते 1968 नंतर. घटस्फोटित पत्नीला हा आजार असल्याचं कळल्यावर लॉस एंजेलिसच्या एका मनोविश्लेषकाने संस्था काढली आणि छोट्या कार्यशाळा भरवायला सुरुवात केली. तयार भाषणं नाहीत, स्लाइड नाहीत. बऱ्याचदा आधी रुग्णाला भेटायचं, मग चर्चा. मतं पक्की न झालेल्या तरुणांना मुद्दाम बोलावलं जाई. 1983 मध्ये चौथ्या गुणसूत्रावर या आजाराच्या जनुकाचा माग लागला. त्यामागे व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांनी दिलेले रक्ताचे नमुने होते.

जनुक हाती यायला आणखी दहा वर्षं गेली. मार्च 1993 मध्ये निबंध छापून आला तेव्हा लेखकाच्या जागी फक्त संशोधक-गटाचं नाव होतं. 58 जणांची नावं त्याखाली, सहा गटांत विभागून. यावर अजून दुमत आहे. स्पर्धक प्रयोगशाळांनी नमुने आणि माहिती एकमेकांना द्यावी, तर श्रेयही सगळ्यांचंच हवं, असं समर्थक म्हणतात. ते खरंच आहे. पण प्रयोगशाळांच्या प्रमुखांना त्या नावाची गरज नव्हती, जग त्यांना ओळखतच होतं. गरज होती ती रात्र रात्र जागून डीएनएचे तुकडे वाचणाऱ्या पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतर तात्पुरत्या जागेवर काम करणाऱ्या तरुण संशोधकाला. नोकरीच्या मुलाखतीत ‘पहिला लेखक कोण?’ हा प्रश्न येतोच, आणि संदर्भसूचीत त्याचं नाव कुठेच दिसत नाही. सहकार्याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली, असं म्हणवत नाही.

त्या सहकार्याचं फळ मात्र आजच्या नवख्यांना मिळतंय. 2012 मध्ये सुरू झालेल्या जागतिक निरीक्षण-अभ्यासात 20,000हून जास्त लोक सामील झाले आहेत, आणि मान्यताप्राप्त संस्थेतल्या संशोधकाला त्यात जमलेली माहिती मागता येते. स्वतःचे रुग्ण नसले तरी काम सुरू होतं. रुग्ण-संस्थांच्या फेलोशिपही आल्या. पण आजार पंधरा-वीस वर्षं चालणारा, आणि फेलोशिप बहुधा दोन-तीन वर्षांची. त्यात मार्च 2021 मध्ये मोठा गाजावाजा झालेल्या औषधाच्या चाचणीतले डोस थांबवावे लागले. तोवर त्याच दिशेवर पीएचडी बेतलेल्या मुलांना विषय नव्याने मांडायला जादा मुदत द्यायची की नाही, हे ज्या त्या मार्गदर्शकाच्या मर्जीवर राहिलं.