फिडिंग यंत्रांवरील सुरक्षितता

कच्चा माल यंत्राच्या तोंडात एका गतीने घालत राहणे, याला कारखान्यात सरसकट ‘फिडिंग’ म्हणतात. हॉपर (माल ओतायचे नरसाळे), पट्टा, बकेट एलिव्हेटर (बादल्यांनी माल वर नेणारा पट्टा), स्क्रू कन्व्हेयर (फिरत्या मळसूत्राने माल पुढे सरकवणारी नळी) आणि माल ओढून घेणारे रोलर हे या यंत्रणेचे नेहमीचे भाग. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, हे काम जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात), डाळमिलमध्ये, जळगावच्या चटई व पाइप कारखान्यांतल्या प्लास्टिक ग्राइंडरवर आणि शेतात थ्रेशर व कडबाकुट्टीवर चालते. यंत्रे निरनिराळी असली तरी धोक्याची जात एकच आहे. माल ओढणाऱ्या यंत्राला कडबा आणि मनगट यांतला फरक कळत नाही.

कडबाकुट्टीत हे उघड दिसते. समोरासमोर फिरणारे दोन दातेरी रोलर पेंढी पकडतात आणि मागच्या पात्यांकडे ढकलतात. पेंढी जाड आली तर वरचा रोलर स्प्रिंगवर उचलला जातो, म्हणजे हातालाही तो वाट करून देतो. रोलर सेकंदाला अर्धा मीटर ओढत असतील, तर माणूस दचकून हात मागे घेईपर्यंतच्या पाव सेकंदात हात 12 सेंमी आत गेलेला असतो. ‘मी सांभाळून करतो’ म्हणणाऱ्याच्या सावधपणाचा इथे उपयोग होत नाही. हात तिथवर पोचणारच नाही अशी रचना हवी.

अपघात बहुधा माल सुरळीत जात असताना होत नाहीत, माल अडकल्यावर होतात. कामगार याला ‘चोकअप’ म्हणतात. जिनिंगमध्ये ओलसर कापूस, सुतळी किंवा पोत्याचा तुकडा फिडरच्या काटेरी रोलरला गुंडाळला जातो आणि खालच्या जिनला, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राला, कापूस मिळेनासा होतो. यंत्र बंद करायचे तर सगळी लाइन थांबते. मजुरी गठाणीच्या हिशेबाने ठरलेली असेल तर प्रत्येक थांबा खिशातून जातो. मग मोटर चालू ठेवूनच कुणीतरी चिमटीने सुतळी ओढायला जातो. दोष एकट्या त्याच्या घाईचा नसतो; ठेका ज्याने तसा ठरवला त्याचाही असतो.

मोटर बंद केली म्हणजे यंत्र थांबले असेही नाही. जड ड्रम आणि फ्लायव्हील (गती टिकवणारे जड चाक) बराच वेळ फिरत राहतात. बकेट एलिव्हेटरच्या चढत्या बाजूच्या बादल्या भरलेल्या आणि उतरत्या बाजूच्या रिकाम्या असतात; उलटी गती रोखणारा खटका नसेल तर वीज जाताच पट्टा मागे फिरतो. अडकलेला माल सुटताच ताणलेला पट्टाही झटका देतो.

विजेची आणखी एक गोष्ट आहे. विहिरीवरच्या मोटारीला ‘ऑटो’ बसवायची सवय खानदेशातल्या शेतकऱ्याला चांगलीच आहे. लाइट रात्री दोनला आली तरी मोटार आपोआप सुरू होते, उठून जावे लागत नाही. हाच ऑटो कुट्टीला किंवा ग्राइंडरला लावणे जिवावर बेतू शकते. लाइट गेली, यंत्र थांबले, म्हणून चोकअप काढायला हात घातला आणि तेवढ्यात लाइट आली, तर काय होईल ते सांगायला नको. फिडिंग यंत्राला असाच स्टार्टर हवा की वीज परतली तरी बटण दाबल्याशिवाय तो उचलणार नाही.

म्हणून दुरुस्तीची पद्धत ठरलेली आहे. मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप लावायचे आणि जो हात घालणार आहे त्यानेच किल्ली खिशात ठेवायची. दोघे काम करत असतील तर कुलपेही दोन. मग चालू करण्याचे बटण एकदा दाबून पाहायचे, कारण चुकीचा स्विच बंद झालेला असू शकतो. नुसती ‘काम चालू आहे’ची पाटी अडकवणे पुरेसे नाही.

डाळमिलच्या हौदात धोक्याचे रूप वेगळे असते. खालून धान्य निघत असताना वरचा थर कधी कमानीसारखा धरून राहतो आणि आत पोकळी होते. ढोसण्यासाठी त्यावर उभा राहिलेला माणूस कमान कोसळताच धान्यात रुततो. कंबरेपर्यंत रुतलेल्याला दोरीने ओढून काढता येत नाही. धान्याची पकड फार मोठी असते आणि इजा वाढते. आधी खालची निकासी बंद करावी, माणसाभोवती फळ्या उभ्या रोवाव्यात आणि आतले धान्य उपसावे. हौदाच्या तोंडावर पक्की जाळी असेल आणि बाहेरूनच बांबूने ढोसता येत असेल, तर ही वेळ येत नाही.

पेहरावाबद्दल थोडक्यात: उपरणे, पदर, ओढणी, कडे, सैल बाही यांपैकी काहीही फिरत्या भागाजवळ नको. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला की मानेभोवती ओला रुमाल असतोच. त्याऐवजी टोपी भिजवून घालावी. हातमोजे सुरक्षित वाटतात, पण रोलरजवळ तेच आधी पकडले जातात.

कायद्याची नजर या कामाकडे उशिरा वळली. 1881 चा पहिला कारखाना कायदा 100 किंवा अधिक कामगारांच्या आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता, त्यामुळे हंगामी जिन सहज त्याबाहेर राहत. 1948 च्या कारखाना अधिनियमात यंत्रांना संरक्षक आवरण (कलम 21) आणि चालू यंत्रावरचे काम (कलम 22) यांचे नियम आले. कलम 27 तर थेट कापूस दाबण्याच्या कारखान्यांसाठी होते. कॉटन-ओपनर (कापूस पिंजून मोकळा करणारे यंत्र) चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुलांना कामाला मनाई होती. मात्र माल घालण्याची आणि माल निघण्याची बाजू छतापर्यंतच्या किंवा निरीक्षकाने ठरवलेल्या उंचीच्या भिंतीने वेगळी केली असल्यास घालण्याच्या बाजूला त्यांना ठेवता येई. पुढे 2020 च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत हा अधिनियम सामावून घेण्यात आला. थ्रेशरसाठी 1983 चा धोकादायक यंत्रे अधिनियम आहे, आणि भारतीय मानकानुसार थ्रेशरच्या तोंडाची पन्हळ किमान 90 सेंमी लांब व त्यातली 45 सेंमी झाकलेली असावी लागते. गावात अनेकदा ‘पेंढी अडते’ म्हणून हे झाकणच कापून टाकलेले दिसते.

हात अडकलाच तर ओढू नये. वीज तोडून रोलर मोकळे करावेत आणि रक्तस्रावावर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवल्यास पेशी मरतात आणि ते पुन्हा जोडण्याची शक्यता घटते.