ठाणे स्टेशनवरचं 'थेन' आणि पाय मोडलेला क

मागच्या महिन्यात ताई, माझी पहिलीतली भाची आणि मी ठाण्याहून वाशीला निघालो होतो. ट्रान्स हार्बरची गाडी यायची होती आणि भाची प्लॅटफॉर्मवरचा पिवळा बोर्ड बघत उभी होती. मराठी 'ठाणे' तिने न थांबता वाचलं, मग इंग्रजी ओळीकडे वळली. टी-एच बघून जीभ दातांमध्ये धरली, शेवटचा ई बघितला, थोडा विचार केला आणि जोरात म्हणाली, "थेन!"

ताईचा चेहरा पडला. "वर्षभर फोनिक्सच्या क्लासला घातलंय आणि स्वतःच्या गावाचं नाव वाचता येत नाही बघ हिला." मला मात्र इतका आनंद झाला की मी तिथेच तिला शाबासकी दिली. कारण फोनिक्स म्हणजे अक्षरांचे आवाज जोडत शब्द वाचायची पद्धत, आणि त्या हिशोबाने तिने काहीच चुकवलं नव्हतं. टी-एचचा थ्, ए आणि मध्ये एक व्यंजन सोडून शेवटी ई आला की ए लांब होतो आणि ई गप्प बसतो, म्हणजे 'थेन'. इंग्रजीत याच स्पेलिंगचा एक जुना शब्द खरोखर आहे, स्कॉटलंडमधल्या एका प्रकारच्या सरदाराला तसं म्हणायचे आणि त्याचा उच्चार हाच. पुढे गाडीत ऐरोलीचं 'एअर-ओली' झालं, रबाळेचं 'रॅबेल' झालं आणि सानपाडा जवळपास बरोबर आलं. मराठी नावं इंग्रजी नियमांनी वाचली तर असंच होणार, आणि हे असं होतं याचा अर्थ पोरगी पाठांतर करत नाहीये, ती अक्षरांवरून आवाज काढतेय.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या शेवटी मुलांची एक छोटी तपासणी होते, ४० शब्द वाचायला देतात आणि त्यातले २० शब्द चक्क निरर्थक असतात, डिक्शनरीत नसलेले. मुद्दामच. खरा शब्द मूल चित्र बघून, अंदाजाने किंवा आठवणीने सांगू शकतं, पण जो शब्द जगात नाहीच तो वाचायचा तर अक्षरं आणि आवाज यांचं नातंच माहीत पाहिजे. माझ्या भाचीसाठी ठाण्याचा बोर्ड म्हणजे तसाच एक शब्द होता.

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे की मराठी जसं बोलतो तसं लिहितो आणि इंग्रजीला काही नियमच नाहीत, ते घोकायचं. दोन्ही अर्धवट खरं आहे. 'चार चाकं' म्हणून बघा, दोन्ही च एकच लिहिलेत पण आवाज वेगळे आहेत, आणि लिपी ते सांगत नाही. इंग्रजीचं म्हणाल तर २६ अक्षरं आणि बोलण्यातले साधारण ४४ आवाज, म्हणजे ओढाताण होणारच, त्यात १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला आणि स्पेलिंगं हळूहळू घट्ट व्हायला लागली, नेमक्या त्याच काही शतकांत लोकांचे स्वर तोंडात सरकत होते. उच्चार पुढे गेले, स्पेलिंग मागे राहिलं. 'नाइट' (knight) मधला के तेव्हा खरंच उच्चारायचे. त्यामुळे इंग्रजी अवघड आहे हे खोटं नाही, २००३ साली सेमूर आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या १३ भाषांमधली पहिलीची मुलं तपासली, फिनलंडची मुलं ओळखीचे शब्द जवळपास सगळे बरोबर वाचत होती आणि इंग्रजीतून शिकणारी स्कॉटलंडची मुलं ३४ टक्के. पण अवघड म्हणजे नियम नाहीत असं नव्हे. 'सेड' हा शब्द बेशिस्त म्हणून बदनाम आहे, पण त्यातला एस बरोबर, डी बरोबर, फक्त मधलं ए-आय बिघडलेलं. तेवढाच भाग लक्षात ठेवायचा.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहायचा होता तिकडे येतो. फोनिक्सची खरी अडचण अक्षरांमध्ये नाहीच, ती कानामध्ये आहे, म्हणजे कानामागच्या मेंदूमध्ये.

आरशासमोर उभे राहा आणि 'की' म्हणायची तयारी करा, आवाज काढू नका. आता 'कू' म्हणायची तयारी करा. ओठ बघा. 'कू' मध्ये क यायच्या आधीच ओठांचा चंबू झालेला असतो. म्हणजे क चालू असतानाच ऊ सुरू झालाय. आपल्याला वाटतं बोलणं म्हणजे दोऱ्यात ओवलेले मणी, आधी क् मग ऊ, पण प्रत्यक्षात ते एकमेकांत कालवलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हॅस्किन्स लॅबोरेटरीज नावाच्या संस्थेत आल्विन लीबरमन आणि सहकारी अंध लोकांसाठी वाचणारं यंत्र करायचा प्रयत्न करत होते, कल्पना सोपी होती, प्रत्येक अक्षराला एक आवाज द्यायचा आणि ते पटापट एकामागोमाग वाजवायचे. जमलं नाही. ऐकणाऱ्याला बोलण्याच्या वेगाने काही कळेना. मग त्यांनी उलट्या बाजूने शोधायला घेतलं की खऱ्या बोलण्यात तरी हे सुटे आवाज कुठे आहेत. 'डी' चं रेकॉर्डिंग घेऊन शेवटाकडून कापत जा, तुम्हाला शुद्ध ड् कधीच मिळत नाही, एक तर 'डी' ऐकू येतो नाहीतर पाखराच्या चिवचिवाटासारखा आवाज, ज्याला कोणी बोलणं म्हणणार नाही. ड् हवेत सुटा नसतोच! तो आपला मेंदू तोंडाच्या हालचालीवरून काढतो, आणि तो काढलाय हे आपल्याला जाणवतसुद्धा नाही.

आणि मूल शाळेत गेलं की आपण पहिल्या दिवशी त्याला सांगतो, बी म्हणजे ब्. त्याने तो ब् आयुष्यात एकटा कधी ऐकलेलाच नसतो.

लीबरमनची बायको इझाबेल हिने १९७४ साली लहान मुलांना एक खेळ दिला, शब्द ऐकायचा आणि त्यात जितके तुकडे तितक्या वेळा टेबलावर काठीने टकटक करायची. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना शब्दाचे मोठे तुकडे, म्हणजे आपण ज्याला साधारण एक अक्षर म्हणू तसे, मोजता आले. एकेक सुटा आवाज एकालाही मोजता आला नाही. पहिलीच्या शेवटी ७० टक्के मुलांना आला. वय वाढलं म्हणून की वाचायला शिकली म्हणून? याचं उत्तर १९७९ मध्ये होझे मोराइस यांच्या गटाने पोर्तुगालच्या खेड्यातल्या मोठ्या माणसांकडून मिळवलं. जे कधी शाळेत गेले नव्हते त्यांना शब्दातला पहिला आवाज काढून टाकून उरलेलं सांगा म्हटलं तर बहुतेकांना जमलं नाही, आणि त्याच भागातले, मोठेपणी का होईना पण वाचायला शिकलेले लोक ते करू शकत होते. १९८६ मध्ये चीनमध्येही असंच दिसलं, फक्त चित्रासारखी चिनी अक्षरं शिकलेल्यांना जमेना आणि ज्यांनी रोमन लिपीतलं पिनयिनही शिकलेलं त्यांना जमलं. म्हणजे ही समज वयाबरोबर आपोआप येत नाही, तुम्ही कुठली लिपी शिकलात त्यावर ठरतं. मला हे जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत जागा होतो, अक्षरं आपण कानाने ऐकलेलं लिहून ठेवायला शोधली असं वाटायचं आणि इथे अक्षरांनीच कान बदललेले.

मग आपली मराठी मुलं कुठे बसतात? अगदी मध्ये. आपली लिपी एका अक्षरात व्यंजन आणि स्वर एकत्र बांधते, क म्हटलं की त्यात अ आलाच. म्हणून आपल्याकडची मुलं अक्षराच्या पातळीवर फार तरबेज असतात. 'च' ची भाषा आठवा, मधल्या सुट्टीत आपण 'मला' चं 'चलाम' आणि 'कुठे' चं 'चठेकु' इतक्या वेगाने करायचो की घरच्यांना कळायचं नाही. ही भाषा बोलताना मेंदू अक्षरं उचलतो, फिरवतो, परत लावतो, पण अक्षराच्या आत शिरत नाही. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या कामातही हेच आहे, अक्षराची जाण लवकर येते, त्याच्या आतल्या सुट्या आवाजाची सावकाश. कन्नड आणि मराठी लिपीची घडण सारखीच.

मी भाचीला गाडीतच विचारलं, "ठाणे मधून ठ् काढला तर काय उरेल?" ती लगेच म्हणाली, "णे." बघा, तिने ठ् काढलाच नाही, अख्खा 'ठा' काढला. इंग्रजी शब्द नियमाने वाचणारी मुलगी, पण मराठी शब्दात तिचा कान अक्षरावरच थांबला.

इथेच बऱ्याच क्लासमध्ये आणि घरी गडबड होते असं माझं मत आहे. आई शिकवते 'बऽ, ॲ, टऽ', मुलाला ऐकू येतं ब, ॲ, ट, तीन पूर्ण अक्षरं, आणि ती जोडली की होतं 'बॲट'. मूल हुशार नाही म्हणून नाही, आपण प्रत्येक व्यंजनाला अ चिकटवून दिला म्हणून. आणि यावरचं औषध आपल्या लिपीतच आहे, इंग्रजी मुलांकडे ते नाही. पाय मोडा! क चा क् करा. पाय मोडलेला क म्हणजे आवाज, पाय असलेला क म्हणजे आवाज आणि अ. शिवाय बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा अ गिळतोच, लिहितो 'बस' आणि म्हणतो 'बस्', लिहितो 'नाक' आणि म्हणतो 'नाक्'. म्हणून शुद्ध आवाज हवा असेल तर तो मराठी शब्दाच्या शेपटीला शोधायचा. 'बस' म्हण, शेवट लांबव, स्स्स्स्, हा बघ एसचा आवाज. 'कान' म्हण, न्न्न्न्, हा एनचा. ब्, ट्, क् असे लांबवता येत नाहीत, ते तुटक म्हणायचे आणि पटकन पुढच्या स्वरात शिरायचं. फोनिक्सच्या पुस्तकांत सुरुवातीला एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं बरेचदा येतात, एक तर यांच्यातून सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन असे ढीगभर शब्द होतात आणि दुसरं त्यातली चार लांबवता येतात. ए-बी-सी-डी या क्रमाने जायचं काही कारण नाही.

एकदा आवाज सुटा ऐकू आला की पुढचं काम मेंदू स्वतः करतो. लिनिया एरी या अमेरिकन संशोधक बाईंनी हे सविस्तर मांडलंय, शब्दातल्या प्रत्येक आवाजाला त्याचं अक्षर चिकटत जातं, चारदोन वेळा नीट फोड करून वाचलं की तो शब्द आख्खा ओळखू यायला लागतो, मग बघताक्षणी वाचला जातो. म्हणजे आपण मोठी माणसं शब्द चित्रासारखा ओळखतो असं वाटतं, पण ते चित्र नाही, अक्षर-आवाजाचे टाके घालून शिवलेलं आहे ते. फ्लॅशकार्ड नुसती दाखवून 'एलिफंट' पाठ करून घेतलं तर टाके पडतच नाहीत. हे वाचन मेंदूच्या डाव्या बाजूला खाली मागच्या भागात बसतं, स्तानिस्लास दहान आणि लोराँ कोएन यांनी ती जागा दाखवून दिलीय, जन्मतः ती वस्तू आणि चेहरे ओळखण्याच्या कामाची. म्हणूनच मुलं बी आणि डी उलटं करतात, कप उजवीकडे वळवला काय किंवा डावीकडे, कप तो कपच, ही सवय मोडायला वेळ लागतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

जागेचा विषय निघालाय तर सांगतो, रिक्षांच्या मागे आणि सोसायटीच्या गेटवर 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या जाहिराती दिसतात, मुलगा डोळ्याला पट्टी बांधून वाचतो म्हणे. मिडब्रेनचं काम डोळ्यांची हालचाल, आवाजाकडे मान वळणं असल्या गोष्टींचं आहे, आणि पट्टीखाली नाकाच्या बाजूला फट राहते तिथून पोरं वाचतात. पट्टीऐवजी पाठीमागे पुस्तक धरा, लगेच कळेल. मुलाला खोटं बोलायला शिकवण्यासाठी कृपया पैसे देऊ नका. आणि 'एकवीस दिवसांत फाडफाड वाचन' म्हणणाऱ्यांनाही.

फोनिक्सकडून काय होणार नाही हेही बोललं पाहिजे. गफ आणि टन्मर यांनी १९८६ मध्ये साधं गणित मांडलं, वाचून समजणं म्हणजे अक्षरं फोडता येणं गुणिले भाषा कळणं. गुणाकार आहे, बेरीज नाही, एक शून्य असलं की उत्तर शून्य. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, पण घरात कोणी इंग्रजी बोलत नसेल तर मूल 'हेन' सुरेख वाचेल आणि हेन म्हणजे कोंबडी हे त्याला माहीत नसेल. गोष्टी, गप्पा, शब्द, यांना पर्याय नाही, आणि त्या आधी मराठीतून झाल्या तर उत्तमच.

त्या दिवसानंतर आम्ही फोनवर रोज पाच मिनिटं खेळलो, 'बस' मधून स् काढ, 'नाक' मधून न् काढ. पहिले काही दिवस 'नाक' चं 'क' च व्हायचं. मग मी तिला 'न् ... आक' असं थांबून म्हणायला लावलं, हात गळ्यावर ठेवून. परवा रविवारी परत ठाणे स्टेशनवर भेटलो, तोच पिवळा बोर्ड, तोच प्रश्न. ती ओठ हलवत राहिली, आवाज न करता दोन वेळा म्हणून बघितलं.

"आणे," ती म्हणाली. आणि लगेच, "आणे म्हणजे काय रे मामा?"

गाडी येईपर्यंत मी तिला रुपयाचे सोळा आणे कसे असायचे ते सांगत होतो.