बालातिसार : पालकांचे ज्ञान

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे यास सामान्यतः अतिसार म्हणतात. केवळ अंगावर पिणाऱ्या तान्ह्या मुलाची नेहमीची पातळसर शी यात मोडत नाही. तीव्र अतिसारात मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. त्यामुळे घरचे उपचार निर्णायक ठरतात.

या उपचारांचा गाभा असलेल्या जलसंजीवनीच्या (मीठ व साखर वा ग्लुकोज विरघळवून पाजण्याच्या पाण्याच्या) उगमाविषयी एकमत नाही. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी कोलकात्यात पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांना मीठ व ग्लुकोजचे पाणी पाजल्याचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु तुलनागट नसल्याने तो दुर्लक्षित राहिला. आतड्यात ग्लुकोजसोबत सोडियमही शोषले जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश यांच्या १९६८ मधील ढाका येथील, द्रावण तोंडाने देण्याच्या चाचण्यांना सहसा अग्रमान मिळतो. पालकांच्या संदर्भात मात्र १९७१ चा पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीतील अनुभव अधिक मोलाचा मानावा लागेल. तेथे शिरेवाटे देण्याचे द्रव अपुरे पडल्यावर दिलीप महालनबीस यांनी द्रावण पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपविले, आणि मृत्यूचे प्रमाण सु. ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांखाली आले.

बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८०–९० या दशकात घरोघरी मातांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी हे प्रमाण शिकविले. नंतर मातांची तपासणी होई व त्यांना किती आठवते यावर शिकविणारीचे वेतन ठरे. आठवणे व प्रत्यक्ष पाजणे यांत तरीही अंतर राहते. जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत, शोष (शरीरातील पाणी कमी होणे) टळतो. हा भेद न कळल्यास ‘गुण येत नाही’ म्हणून ती सोडली जाते आणि जुलाब बंद करणारे औषध मागितले जाते. मुलाचे खाणे वा अंगावरचे दूध तोडणे ही चूकही अशीच चिवट आहे.

डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, मूल मलूल पडणे, पाणी पिता न येणे किंवा शौचातून रक्त पडणे ही वैद्यकीय मदत तातडीने घेण्याची लक्षणे होत. २००२ पासून कमी तीव्रतेचे (मीठ व ग्लुकोज कमी असलेले) द्रावण व २००४ पासून जोडीला १०–१४ दिवस जस्त देण्याची शिफारस आहे. पालकांच्या ज्ञानाविषयीच्या पाहण्यांत प्रश्न बहुधा मातेलाच विचारले जातात. वडील व आजी यांचा उल्लेख तुरळक आढळतो.