एमआरआयमध्ये न दिसणारी कंबरदुखी

कंबर धरली म्हणून एमआरआय काढून घेतलेल्या माणसाच्या हाती जो अहवाल पडतो, त्यात कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती झिजली आहे, थोडी फुगून मागे आली आहे, अशा अर्थाची वाक्ये बहुधा असतातच. घरी ‘गादी सरकली’ असे सांगितले जाते आणि त्या दिवसापासून पाण्याची बादली उचलणे, खाली वाकणे, एसटीने गावाला जाणे, सारेच बंद होते. अहवाल खोटा नसतो, परंतु त्यात दिसणारी झीज हीच त्या कळेचे कारण आहे, हे त्यावरून सिद्धही होत नाही.

१९९४ साली अमेरिकेत कंबरदुखीची तक्रार नसलेल्या ९८ जणांच्या कण्याचे एमआरआय तपासण्यात आले. त्यांपैकी केवळ ३६ टक्के लोकांच्या सर्व चकत्या निर्दोष होत्या, तर निम्म्याहून अधिक जणांची किमान एक चकती फुगलेली होती. पुढे २०१५ मध्ये अशाच ३३ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या तरुणांपैकी ३७ टक्क्यांच्या, आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये दुखण्याचे नेमके एक शारीरिक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. असे असूनही त्यांचे दुखणे मात्र पूर्णपणे खरे असते.

हा विरोधाभास सुटण्यासाठी वेदना कोठे निर्माण होते, ते पाहिले पाहिजे. स्नायू, सांधे आणि चकतीचा बाहेरचा थर यांतील चेतातंतूंची टोके ताण, दाह किंवा इजा यांची सूचना मज्जारज्जूकडे पाठवतात, पण ही सूचना म्हणजे वेदना नव्हे; वेदनेचा अनुभव मेंदूत तयार होतो. मज्जारज्जूतच तिची छाननी होते, हा विचार रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ साली ‘द्वार-सिद्धांत’ म्हणून मांडला. त्यातील काही तपशील पुढे बदलले, तरी गाभा टिकला. मेंदूकडूनही खाली मज्जारज्जूपर्यंत आदेश येतात, आणि ते वर जाणारी सूचना कधी दाबतात, तर कधी वाढवतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणारे अमेरिकी डॉक्टर हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी सैनिकांना वेदनाशामक हवे का, असे विचारले, तेव्हा जेमतेम चौथा हिस्सा सैनिकांनी होकार दिला. जखमा मोठ्या होत्या, पण रणांगणातून जिवंत सुटका झाल्याचा अर्थही त्या जखमेला होता, असे बीचर यांना वाटले.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची जुनी प्रथा आहे, आणि तिने बरे वाटल्याचे सांगणारी माणसे अजून भेटतात. त्यांना हसण्याचे कारण नाही. अचानक भरलेली उसण बहुतेकदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआपच ओसरत असल्यामुळे त्या सुमारास केलेल्या कोणत्याही उपायाला श्रेय मिळते, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग अपेक्षेचा. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, औषध नसलेल्या सलाइननेही ज्यांचे दुखणे कमी झाले होते, त्यांना शरीरातील एंडॉर्फिनांचा परिणाम रोखणारे नॅलोक्झोन दिल्यावर ते पुन्हा वाढले. म्हणजे बरे वाटेल या अपेक्षेने शरीराने स्वतःचे वेदनाशामक खरोखरच सोडले होते.

हीच यंत्रणा उलटही चालते. सूचनांचा मारा चालू राहिला की मज्जारज्जूतील चेतापेशी अधिक संवेदनशील होतात, हे संशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली प्राण्यांवरील प्रयोगातून दाखवले. मूळ दुखापत भरून आली, तरी ही वाढलेली संवेदनशीलता कधीकधी मागे उरते. चोरी होऊन गेल्यावर पालापाचोळा वाजला तरी भुंकत सुटणाऱ्या राखणीच्या कुत्र्यासारखी चेतासंस्थेची स्थिती होते, आणि नुसते वाकणेही कळ उठवू लागते. अपुरी झोप, सततची काळजी आणि उदासपणा या स्थितीला खतपाणी घालतात. झोप मोडली की वेदना सोसण्याची मर्यादा खाली येते, वेदनेने पुन्हा झोप मोडते आणि चिडचिड वाढते. बोइंग कंपनीच्या सुमारे ३,००० कामगारांवर झालेला आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात बोलका आहे. आपले काम क्वचितच आवडते असे सांगणाऱ्यांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार करण्याचे प्रमाण, काम जवळजवळ नेहमी आवडणाऱ्यांच्या तुलनेत अडीच पट होते.

याचा अर्थ ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असा काढणे हा रुग्णावर अन्याय आहे, आणि दुर्दैवाने तो घरोघरी, विशेषतः घरातल्या बायकांच्या बाबतीत, सर्रास होतो. मेंदूकडून वेदना दाबणारे जे आदेश येतात, त्यांत सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने काम करतात, आणि मनःस्थितीशीही त्यांचाच संबंध आहे. ड्युलोक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध काही प्रकारच्या जुनाट वेदनेसाठीही लिहून दिले जाते, ते याच कारणाने. औषधाच्या वेष्टनावरील माहिती वाचून ‘डॉक्टरांनी मला वेडे ठरवले’ असा समज करून गोळ्या परस्पर बंद करणाऱ्यांना हा दुवा कोणीतरी आधीच समजावून सांगायला हवा.

विश्रांतीविषयीची समजूत तर पूर्णच बदलली आहे. फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांची, अचानक कंबर धरल्यानंतर, तीन गटांत विभागणी करण्यात आली होती. एका गटाने दोन दिवस अंथरुणावर पडून राहायचे, दुसऱ्याने पाठीचे व्यायाम करायचे आणि तिसऱ्याने झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवायचे, अशी योजना होती. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला, आणि पडून राहणारे सर्वांत मागे राहिले. हालचालीने आणखी काहीतरी मोडेल, ही भीती येथे खरी आडवी येते, कारण भीतीने हालचाल थांबते, स्नायू दुबळे होतात आणि मग साध्या कामानेही दुखू लागते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कंबरदुखीत हिंडते-फिरते राहा, असा संदेश दूरचित्रवाणीवरून दिला, तेव्हा लोकांच्याच नव्हे, तर डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि कंबरदुखीपायी कामगारांनी केलेले भरपाईचे दावे घटले.

अर्थात, काही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीचा भाग बधिर होणे, पायातली शक्ती कमी होत जाणे ही तातडीची लक्षणे असून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. ताप, कारण नसताना घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, उतारवयात पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे यांचीही वेळेवर तपासणी हवी. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून आढळतो, हेही विसरून चालत नाही.

हे नसेल, तर उपाय फारच साधा आहे, आणि बहुधा त्यामुळेच तो कोणाला उपाय वाटत नाही. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील संशोधकांनी नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ प्रौढांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत नेत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत आणण्यात आले आणि वेदनेविषयीची माहिती देण्यात आली, तर उरलेल्यांना असे काही दिले नाही. न चालणाऱ्या गटात दुखणे परतण्यापूर्वीचा मध्यक काळ, म्हणजे निम्म्या लोकांचे दुखणे परतेपर्यंत गेलेला काळ, ११२ दिवसांचा होता, आणि चालणाऱ्यांत तो २०८ दिवसांपर्यंत लांबला.