शर्यतीच्या घोड्याचा घोळणा

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरजवळच्या एका गावात घोडागाडीची शर्यत बघायला गेलो होतो. शर्यत संपली, घोडा सोडला. बादलीतलं पाणी प्यायला त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही नाकपुड्यांतून रक्त ठिबकायला लागलं. मंडळींचं निदान तयारच होतं. "घोळणा फुटलाय, उष्णता चढलीया." कुणी डोक्यावर पाणी ओतलं, कुणी कांदा फोडून आणला. एक म्हातारबा म्हणाले, "दृष्ट लागलीया." गळ्यात काळा दोरा आणि बिब्बा आधीपासूनच होता, तरी!

माणसाचा घोळणा बहुधा नाकाच्या शेंड्याजवळच फुटतो. पळून आलेल्या घोड्याचं रक्त मात्र बहुतेक वेळा थेट फुफ्फुसातून आलेलं असतं. मान वर असेपर्यंत ते श्वासनलिकेत राहतं, मान खाली गेली की बाहेर पडतं.

फुफ्फुस फुटतं कशानं? मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात आवडतो, म्हणून जरा थांबतो. उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला ३०-४० ठोके देतं, भरधाव पळताना २२० च्या आसपास. म्हणजे एका ठोक्याला जेमतेम पाव सेकंद. तेवढ्यात हृदयाच्या डाव्या बाजूनं भरायचंही आणि रिकामंही व्हायचं. इतक्या घाईत भरायचं तर मागून रेटा हवा, आणि तो रेटा उलटा फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांवर येतो. पंचगंगेकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको : मोटर जोरात चालू, पुढचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडा, की मधला पाइप फुगतो. त्यात पळताना घोड्याची पाणथरी, म्हणजे प्लीहा, आवळते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. रक्तातलं त्यांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ६० च्या वर जातं. रक्त दाट झालं की ढकलायला आणखी जोर लागतो. फुफ्फुसाच्या धमनीतला दाब विश्रांतीला २५-३० मिलिमीटर पारा असतो, तो शंभराच्या घरात पोचतो.

आता केशवाहिनीच्या भिंतीची दुसरी, हवेकडची बाजू बघा. घोडा तोंडानं श्वास घेत नाही, फक्त नाकानं; आणि भरधाव पळताना एका ढेंगेला एक श्वास. हवा इतक्या झपाट्यानं ओढायची तर वायुकोशातला, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतला, दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जायला हवा. भिंतीवरचा ताण म्हणजे आतला रक्ताचा दाब वजा बाहेरचा, वायुकोशातला दाब. बाहेरचाच उणे असेल तर वजाबाकीची बेरीज होते. आणि भिंत तरी केवढी? जेमतेम एका मायक्रॉनची. आपला केस तिच्या कितीतरी पट जाड. ती पातळ नसेल तर प्राणवायू आरपार जाणार नाही, आणि पातळ आहे म्हणून फुटते.

शर्यतीनंतर दुर्बिणीनं श्वासनलिका तपासली तर निम्म्याहून जास्त घोड्यांत थोडंफार रक्त सापडतं. नाकातून दिसतं ते फार थोड्यांच्या. तरी शर्यतबंदीचे नियम बहुतेक ठिकाणी नाकावरच बेतलेत. ऑस्ट्रेलियात दोन्ही नाकपुड्यांतून रक्त आलं तर तीन महिने शर्यत बंद, परतण्याआधी शर्यतीच्या पंचासमोर किमान १,००० मीटर दौड. पुन्हा आलं तर कायमची बंदी. जपानमध्ये पहिल्या वेळी एक महिना, दुसऱ्या वेळी दोन, त्यापुढे तीन. 'दोन्ही नाकपुड्या' ही अट मला पटते. श्वासनलिका एकच, तेव्हा फुफ्फुसातलं रक्त सहसा दोन्हीकडून येतं. एकाच बाजूनं आलं तर दुखणं नाकातलंही असू शकतं. सुट्टीचं कारणही साधं आहे. सांडलेलं रक्त फुफ्फुसात दाह करतं, तिथं व्रणाची घट्ट ऊती तयार होते. अमेरिकेत मात्र शर्यतीआधी लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड टोचायची पद्धत अनेक वर्षं चालली. रक्तातलं पाणी कमी, म्हणून दाब कमी. घोडा दहा-पंधरा किलोंनी हलकाही होतो, हे सांगताना तिथले लोक जरा गप्प असतात.

आमच्या त्या घोड्याचं रक्त अर्ध्या तासात थांबलं. मी मालकाला तीन महिन्यांचं सांगून बघितलं. त्यानं ऐकून घेतलं, चहा पाजला. पुढच्या रविवारी शेजारच्या गावच्या मैदानात तोच घोडा जुंपलेला दिसला, गळ्यात नवा बिब्बा.